मेलेल्या शब्दाचं वाक्य

४ फेब्रुवारी

प्रिय वाक्यबाई,

नातू झाला, रांगला, आता म्हणे धरून उभा राहतो. ‘बाळंतपणापुरती जाते आणि येते’ म्हणून गेलेली आजी मात्र तिथेच बसली आहे. फोन करू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं, ते खरं. फोनवर तू बोलतेस आणि मला फक्त ‘हं’ आणि ‘बरं’ ऐकू येतं, तेही माझंच. पण पत्र लिहायला तर कुणी मनाई केली नव्हती!

असो. कामाचं लिहिते. आपल्या इंग्रजी-मराठी कोशाच्या ‘बी’ अक्षराची प्रुफं आली. बिलीव्ह आणि बिलाइव्ह आठवतात ना? एकाच आळीत राहणारे, दिसायला जुळे भाऊ, नातं मात्र काडीचं नाही. बिलीव्ह म्हणजे विश्वास ठेवणे. तो जिवंत, धडधाकट. बिलाइव्ह म्हणजे लगेच, ताबडतोब. तो कधीच मेला, म्हणून त्याच्या डोक्यावर आपण खंजिराची खूण ठेवली होती. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकाला वाटलं, बाईंचा हात चुकला. त्याने परस्पर दुरुस्ती केली आणि आपल्या कोशात बिलीव्ह दोनदा छापून आला. साहेब म्हणाले, “बाई, लगेच विश्वास ठेवायचा, की विश्वास ठेवून लगेच पळायचं?” मी म्हटलं, माझ्या अर्थाला हसू नका, यंत्राला हसा.

आता दोन्ही शब्द नव्याने लावायचे आहेत. तेव्हा दोन वाक्यं पाठव, एक बिलीव्हचं, एक बिलाइव्हचं. अर्थ माझा आणि वाक्य तुझं, ही आपली वाटणी. तू नसल्यापासून माझे अर्थ नुसते ताठ उभे असतात, बसायला जागा नसलेल्या पाहुण्यांसारखे.

कचेरीत खिडकीजवळची तुझी रिकामी खुर्ची साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागली आहे. तिथे झेरॉक्सचं यंत्र बसवायचं म्हणतात. मी त्यांना सांगितलं की तू येणारच आहेस. खोटं तर नाही ना बोलले? घरी तुझी खोली रोज झाडते. तुझ्या कॉटवर मी कपड्यांच्या घड्या ठेवते, नाहीतर ती फार मोठी दिसते.

तुझी
अर्थबाई


१२ फेब्रुवारी

प्रिय अर्थबाई,

तुझं पत्र म्हणजे गोड बोलून काढलेला चिमटा! वाचून हसले.

पण एक सांग, मेलेल्या शब्दाला वाक्य कधीपासून द्यायला लागलो आपण? ‘जो शब्द कुणी बोलत नाही, त्याचं वाक्य कुणाच्या तोंडी घालायचं?’ हा नियम तुझा. त्यावरून तू माझी कितीतरी सुंदर वाक्यं केराच्या टोपलीत टाकलीस. मग आता बिलाइव्हचा एवढा पुळका का? मला कामाची सवय राहिली आहे की नाही, हे साहेब बघताहेत का? तसं असेल तर सरळ सांग.

तरी पाठवते. बिलीव्ह: ‘मी सांगते ते खरं मान.’ बिलाइव्ह: ‘मी लवकरच येते.’

नातवाचं विचारशील. गुलाम मोठा लबाड आहे. मी त्याच्याकडे मान वळवून तिरकी बघते, म्हणून तोही माझ्याकडे तिरका बघायला शिकला. मुलगा म्हणतो, आई, तुम्ही दोघं एकमेकांवर संशय घेतल्यासारखे दिसता! सून नोकरी सांभाळून सगळं बघते, मला पाण्याचा पेलाही हातात आणून देते. इथे मला काही कमी नाही. कुणी असं म्हणालं की समजावं, काहीतरी कमी आहे. पण त्यावर तू अर्थ लावत बसू नकोस.

खुर्चीचं साहेबांना जे योग्य वाटेल ते करू दे. यंत्राला खिडकीतला उजेड कशाला हवा, एवढं मात्र विचार. आपल्या खिडकीतला सकाळचा उजेड मला फार आठवतो. शब्दांच्या चिठ्ठ्यांवर पडला की कागद गरम व्हायचा.

मी लवकरच येते.

तुझी
वाक्यबाई


२१ फेब्रुवारी

प्रिय वाक्यबाई,

तुझी दोन्ही वाक्यं नापास. दोन्हींत ‘मी’ आहे. कोशातलं वाक्य कुणाचंच नसतं, म्हणून ते सगळ्यांचं होतं, हे तुला किती वर्षं सांगायचं? बिलीव्हचं मी असं केलं: ‘त्याने मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवला.’ बेचव आहे, मान्य. तू असतीस तर भांडली असतीस आणि मग आपण दोघींनी मिळून तिसरंच काढलं असतं.

दुसऱ्या वाक्यात अर्थाचीच चूक आहे. ‘लवकरच’ नव्हे, ‘लगेच’. या शब्दाची गंमत ऐक. मुळात तो ‘जीव’ या अर्थाच्या शब्दाला जोडून आला. जीव ओतून, जिवाच्या आकांताने करायचं ते बिलाइव्ह, म्हणून ‘लगेच’. पुढे लोकांनी तो इतका सैल वापरला की ‘लगेच’चं ‘लवकरच’ झालं आणि ‘लवकरच’चं ‘होईल सावकाश’. मग मेला. शब्द असाच मरतो, येते येते म्हणत न आल्याने. आणि बिलीव्हच्या मुळाशी, तुला आवडेल म्हणून सांगते, ‘प्रिय’ हा अर्थ आहे. आधी माणूस प्रिय होतं, मग त्याचं बोलणं खरं वाटायला लागतं. उलटं कधी होत नाही.

अजून एक विचारायचं होतं. तुझी अक्षरं एवढी मोठी कशी झाली? पूर्वी मुंग्यांची रांग असायची, आता एकेका ओळीत चार-पाच शब्द. पान उलटावं तर पत्र संपलेलं. सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून कागद असा भरतेस का? तसं असेल तर रिकामा कागद पाठव, मला चालेल.

सोबत काही चिठ्ठ्या आहेत, तपासून दे. सगळ्यात खालची नीट बघ. ती साहेबांना दाखवलेली नाही.

तुझी
अर्थबाई


५ मार्च

प्रिय अर्थबाई,

चिठ्ठ्या तपासल्या. बऱ्याच दिवसांनी हात साफ झाला, बरं वाटलं.

‘बेल’ला ‘घंटा वाजली’ हे वाक्य ठीक आहे, पण कोणती ते सांग. शाळेची म्हण, म्हणजे पोरं धावतील आणि वाक्यात जीव येईल. ‘बेल्ट’ला ‘पट्टा सैल झाला’ छान. ‘बेली’ला, म्हणजे पोटाला, आजाराचं वाक्य देऊ नकोस. पोट भरण्याचं दे.

आणि सगळ्यात खालची. ‘लगेच ये, मला घर खायला उठतं.’ ही कुणी केली? वाक्य करणारी कुणी नवी घेतली असेल तर खुशाल सांग, मी रागावणार नाही. आज ना उद्या घ्यावी लागणारच. पण पोरगी कच्ची आहे. एक तर ‘मला’ आलंय, ते तुझ्या नियमात बसत नाही. दुसरं, घर खायला उठतं हा वाक्प्रचार पुढे ‘घर’ या अर्थाच्या शब्दाखाली येईलच, तो इथे खर्च करू नये. तिसरं, तिला सांग, रडकं वाक्य कोशात टिकत नाही, वाचणारा पान उलटतो. मी दुरुस्त करून दिलं आहे: ‘पाहुणे लगेच आले.’ कसं आहे? सुटसुटीत!

तिला माझ्या खुर्चीवर बसव. उशी मात्र तिच्या उंचीप्रमाणे बदल. माझ्या उशीने तिची मान दुखेल.

अक्षर मोठं झालं कारण पेन बदललं. एवढंच.

तुझी
वाक्यबाई


१० मार्च

सप्रेम नमस्कार.

आपण केलेल्या दुरुस्त्या मिळाल्या. आपल्या सूचनेप्रमाणे ‘पाहुणे लगेच आले’ हे वाक्य घेतलं आहे. रडकं वाक्य बाद केलं आहे.

यापुढे आपल्याला कामाचा त्रास देणार नाही. खुर्चीबाबत साहेबांची इच्छा आपल्याला पूर्वीच कळवली होती. आपलं काही सामान टेबलाच्या खणात राहिलं होतं, ते वेगळ्या पार्सलने पाठवते आहे: चष्म्याचं जुनं घर, तांबड्या शाईचं पेन आणि उन्हासाठी खिडकीला लावायचा पडदा.

आपल्या नातवाला आशीर्वाद. आपण सुखात आहात, हे वाचून आनंद झाला.

आपली
सहकारी, अर्थविभाग


२९ मार्च

ती. मावशींना सा. न.

मी तुमच्या मैत्रिणीची सून. आपण कधी भेटलो नाही, पण तुम्ही जेवताना पाणी पीत नाही, पावसापेक्षा वाऱ्याला घाबरता आणि भांडण झालं की आधी कपाट आवरायला घेता, हे सगळं मला पाठ आहे. घरात दिवसातून दोनदा तरी तुमचं नाव निघतं. म्हणून धीर करून लिहिते. आईंना न सांगता लिहिते आहे. त्या रागावल्या तर रागावू देत.

चूक माझी आहे. आईंना वाचता येत नाही. इथे येण्याआधीपासून दिसणं कमी झालं होतं, आता फारच. डॉक्टर म्हणतात, डोळ्यातला मधला भाग झिजला आहे, तो आता भरून येणार नाही. कडेचं दिसतं आणि दिसत राहील, पण मधलं नाही. माणूस समोर उभा राहिला की त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग येतो. बाळाला त्या तिरक्या बघतात त्या म्हणूनच. तुम्हाला पत्र लिहितात तेही जाड पेनाने, अंदाजाने, ओळीवर पट्टी धरून.

तुमची पत्रं मी वाचून दाखवते. त्या दिवशी बाळ किरकिर करत होतं, मला कामावर जायचं होतं. मी चिठ्ठ्या एकामागून एक, एका सुरात वाचत गेले. मी हिशेबातली माणूस, मला सगळ्या ओळी सारख्याच. शेवटच्या चिठ्ठीवर वर ‘वाक्यबाईस’ लिहिलं होतं. मला वाटलं, सगळीच वाक्यं त्यांच्याकडे यायची, म्हणून लिहिलं असेल. ते मी वाचलंच नाही. आईंनी ऐकलं आणि सवयीने दुरुस्त केलं. काल बाळाने कागदांचा डबा सांडला तेव्हा ती चिठ्ठी माझ्या हाती आली. ती वेगळ्या कागदावर होती, आणि घडी इतकी बारीक की कुणी मुठीत धरून आणल्यासारखी. मग मला कळलं, मी काय वाचून दाखवलं ते.

तुमचं ‘आपण’ लिहिलेलं पत्रही मीच वाचलं. आई म्हणाल्या, “पुन्हा वाच.” मी वाचलं. मग म्हणाल्या, “तिने मला आपण म्हटलं?” पार्सल आलं, तेव्हा चष्म्याचं घर हाताने चाचपून उशीखाली ठेवलं. पूर्वी मी स्वयंपाक करताना त्या कुठलाही शब्द घेऊन वाक्यं करायच्या, ‘झारा’ म्हटलं तरी हसवायच्या. आता करत नाहीत. मी मुद्दाम शब्द देते, तर म्हणतात, “राहू दे गं, डोकं चालत नाही.”

त्यांनी तुम्हाला डोळ्यांचं का कळवलं नाही, ते मी विचारलं होतं. म्हणाल्या, “तिला कळलं तर ती मला घेऊन जाईल आणि आयुष्यभर माझं करत बसेल. ओझं या शब्दाचा अर्थ तिने लावलाय, मला तो ठाऊक आहे.”

आम्हाला त्या जड नाहीत, हे देवाशपथ सांगते. पण मावशी, त्या इथे राहतात, जगत नाहीत. ती चिठ्ठी त्यांना वरच्या नावासकट पुन्हा वाचून दाखवू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची
सूनच समजा


३ एप्रिल

सूनबाई, हे पत्र मोठ्याने वाच. बाळ रडलं तरी थांबू नकोस. आणि एका सुरात वाचू नकोस.

अगं ए वाक्यबाई,

तू मोठी लबाड आहेस. पेन बदललं म्हणे! आणि मी मूर्ख, त्या मोठ्या अक्षरांवर रुसून बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या शब्दांचे अर्थ लावले आणि तुझ्या अक्षराचा लावता आला नाही. तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. प्रत्येक ओळ उजवीकडे खाली उतरली आहे. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. माझे डोळे तर शाबूत आहेत ना!

त्या चिठ्ठीचं आता ऐक. ती नव्या पोरीने केलेली नव्हती. नवी पोरगी कुणी नाहीच. ते रडकं वाक्य माझं आहे. तू गेल्यापासून मला घर खायला उठतं. संध्याकाळी कुलूप उघडताना मी आत आवाज देते, मला स्वतःला ऐकू यावा एवढा मोठ्याने, आणि मग आठवतं की आत कुणी नाही. हे मी तोंडाने कधी सांगितलं नसतं. म्हणून मेलेल्या शब्दाचं निमित्त काढलं. बिलाइव्हला वाक्य नको होतं, मला तुझं पत्र हवं होतं.

‘ओझं’ या शब्दाचा अर्थ मी लावला, खरं आहे: ‘वाहून नेण्याची वस्तू’. त्यात माणूस आहे का? मग?

माझे कान गेले तेव्हा तू काय केलंस? साहेब बोलले की तू त्यांचं बोलणं माझ्या टेबलावर खडूने लिहायचीस. निम्मं त्यांचं आणि निम्मं तुझ्या मनाचं, आणि मी भलतीकडेच हसायचे. तेव्हा मी कुणाला ओझं वाटले नाही ते? आता आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ म्हणून लोक हसतील. हसू देत. मी चिठ्ठी मोठ्याने वाचीन, तू वाक्य ओरडून सांग. चार दिवसांत शेजाऱ्यांचाही कोश पाठ होईल. वाक्य करायला डोळे कुठे लागतात? तुझी सगळी चांगली वाक्यं तू भाजी निवडताना केली आहेस.

खुर्ची जागेवर आहे. साहेबांनी उचलायला सांगितली होती, दोनदा सांगितली. मला ऐकू आलं नाही. मागच्या पत्रात मी फक्त त्यांची इच्छा लिहिली होती, झालं काय ते लिहिलं नव्हतं. तेवढा खोटेपणा मला माफ आहे.

आणि नियम मी मोडला आहे. ‘पाहुणे लगेच आले’ काढून टाकलं. बिलाइव्हच्या डोक्यावर खंजीर आहे, तरी त्याच्या खाली वाक्य आहे, त्या वाक्यात ‘मी’ही आहे. ‘मी तुझी वाट पाहते आहे, लगेच ये.’ साहेब म्हणाले, “बाई, मेलेल्या शब्दाला वाक्य?” तेही मला ऐकू आलं नाही. पान छापायला गेलं.

तुझी, आपली नव्हे,
अर्थबाई


११ एप्रिल

प्रिय अर्थबाई,

हे मीच लिहिते आहे. सून शेजारी बसून ओळ चुकली की हात धरते. तुझं पत्र तिने तीनदा वाचलं. पहिल्यांदा मी रडले, दुसऱ्यांदा ती, तिसऱ्यांदा बाळ, कारण त्याची दूध प्यायची वेळ टळली होती.

मला भीती वाटत होती गं. तुझ्या घरात मी चाचपडत फिरीन, कप फोडीन, आणि तू काही न बोलता कपाट आवरायला घेशील. ते मला सहन झालं नसतं. इथे मी कप फोडले तरी चालतं, कारण इथले कप माझ्या ओळखीचे नाहीत.

मुलगा आधी नको म्हणाला. सूनच त्याला म्हणाली, आई येतील-जातील, आपलं घर काही पळून जात नाही. पोरगी गुणाची आहे. तिला आता वाक्यंही जमायला लागली आहेत. काल ‘झारा’चं तिने केलं, मी सांगणार नाही, तू येऊन ऐक. नाही, तुला ऐकू येणार नाही. लिहून घेईन तिच्याकडून.

तू वाक्य छापलंस खरं, पण त्यात एक चूक ठेवलीस. ‘लगेच’ म्हणजे कधी? वाचणाऱ्याला कळायला हवं. लगेच म्हणजे येत्या शुक्रवारी, सकाळच्या गाडीने. मुलगा बसवून देईल. उतरायला मी दारापाशीच थांबेन.

आता नीट ऐक, कारण तिथे आपली तारांबळ होणार. मी हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही. तू हात केलास तर मला दिसणार नाही. तेव्हा गाडी थांबली की तू माझ्या डब्याशी ये, पण समोर येऊ नकोस. समोर आलीस तर तुझ्या तोंडाच्या जागी मला धुकं दिसेल, आणि इतक्या दिवसांनी मला ते बघायचं नाही. माझ्या डाव्या हाताला, थोडी कडेला उभी राहा. तिथे तू मला पूर्ण दिसशील.

तुझी
वाक्यबाई